आमच्या जिंतूरचे बॉक्सिंगचे उस्ताद

भल्या माणसाच्या आठवणी एकदा सांगितल्या की संपतात. ज्यानं छळलं त्याच्या मात्र वाढतच जातात. मी, मन्मथ आणि खंडू, आम्ही तिघं म्हातारे चहाला बसलो की विषय कुठूनही निघू दे, नागोराव उस्तादांवर येऊन थांबतोच.

निजामाची फौज मोडली तेव्हा उस्ताद गावी परतले. सोबत एक लोखंडी ट्रंक, आणि तिच्यात ग्लोव्हजचे दोन जोड. जिनिंगच्या एका रिकाम्या शेडमध्ये त्यांनी बॉक्सिंगचा क्लास काढला. आम्ही सात-आठ जण नव्याच्या नवलाईनं गेलो. मी कापड दुकानात कामाला होतो, मन्मथचं घरचं किराणा दुकान, आणि खंडू मेंढरं राखायचा. उस्ताद असे का वागतात, हे कोडं मला तेव्हा पडलं ते आजपर्यंत सुटलं नाही.

एकदा मन्मथ उशिरा आला. उस्ताद रागावले नाहीत. त्याच्या दोन्ही हातांत ग्लोव्हज घातले, नाड्या करकचून बांधल्या आणि म्हणाले, "मी सोडीपर्यंत काढायचे न्हाईत. काढलेस तर इथं परत पाय ठेवायचा न्हाई."

आणि मोटारीत बसून बहिणीकडं सोनपेठला निघून गेले!

नेमकं त्याच दुपारी मन्मथला बघायला पाहुणे आले. आईनं भरवलेले पोहे खात तो बसलेला. मुलीच्या वडिलांनी हळूच विचारलं, "हात भाजलेत का?"

"न्हाई," मन्मथ म्हणाला, "उस्ताद सोनपेठला गेलेत."

तरी लग्न जमलं. त्याची बायको अजून सांगते, "सांगितलेलं ऐकतंय, एवढं दिसलं. मला तेवढं बास होतं."

खंडूची तऱ्हा वेगळी. सेलूच्या लढतींना महिना राहिला होता. उस्ताद म्हणाले, "तुझं वजन लय झालंय. दूध बंद." खंडू रोज सकाळी शेळीचं तांब्याभर दूध प्यायचा. ते वाया कशाला घालवायचं, म्हणून उस्ताद पिऊ लागले. महिनाभर प्याले. शेवटी खंडूला कापसाच्या काट्यावर उभं केलं, तर तो ठरल्यापेक्षा पाच शेर खाली.

"एवढं वजन गेलं कुठं?" उस्ताद ओरडले.

खंडू गरीब स्वभावाचा. त्यानं उस्तादांच्या कोटाकडं बघितलं. पोटावरची दोन बटणं आता लागत नव्हती. "कुठं गेलं न्हाई, उस्ताद," तो म्हणाला. "घरातच हाय."

त्याच सेलूला माझी लढत होती. पहिला राऊंड बरा गेला. मी कोपऱ्यात येऊन बसलो, पण उस्ताद जागेवर नव्हते. बघतो तर समोरच्या कोपऱ्यात उभे. माझ्याच प्रतिस्पर्ध्याच्या कानाशी लागून काहीतरी सांगायलेत. दुसरा राऊंड सुरू झाला आणि त्यानं माझ्या डाव्या कानशिलावर असा ठोसा दिला की मी खाली बसलो तो उठलोच नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा उस्ताद पाणी मारत होते. मी विचारलं, "त्याला काय सांगितलंत?"

"तुझी डावी बाजू उघडी असती म्हणून सांगितलं. सहा म्हैने तुला सांगायलोय, तू ऐकत न्हाईस. त्यानं एकदाच ऐकलं बघ."

त्यानंतर मात्र माझा डावा हात कधी खाली आला नाही. हेही खरं.

आता परभणीचं सांगतो. खंडू शेवटच्या लढतीपर्यंत पोचला होता. त्याआधी जिंतूरचा कुणी तिथवर गेला नव्हता. समोर नांदेडकडचा एक गिरणी कामगार. तिसऱ्या राऊंडला त्याची भुवई फुटली, डोळ्यात रक्त उतरलं, पण गडी खाली पडेना. खंडू सरळ सरळ जिंकत होता. आम्ही शिट्ट्या मारायलोत, टोप्या उडवायलोत. इतक्यात उस्तादांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि रिंगणात टाकला.

बॉक्सिंगमध्ये ज्याच्या बाजूनं टॉवेल पडतो, त्यानं लढत सोडली असं धरतात. टॉवेल आमच्या बाजूनं पडला. म्हणजे हार आमची. पंचांनीसुद्धा दोनदा विचारलं, "चुकून पडला का?"

"न्हाई," उस्ताद म्हणाले.

त्या गड्याला बाहेर आणून लिंबाखाली निजवलं, तर उस्ताद त्याच्या उशाला जाऊन बसले. तोच टॉवेल भिजवून त्याच्या डोळ्यावर धरला. आमची मोटार निघायची वेळ झाली. खंडू ग्लोव्हजसकट त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला. आता हा उस्तादांना मारतो की काय, म्हणून मी आणि मन्मथ पळत गेलो.

"उस्ताद, मी जिंकायलो होतो."

उस्तादांनी टॉवेल पिळला, पुन्हा भिजवला.

"व्हय," ते म्हणाले. "म्हणूनच टाकला."