काकूंच्या किचनमधली मिरेला

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण शेवटी फजिती माझीच आहे.

मी शारजात काकूंच्या डब्यांची गाडी चालवतो. काकू नात्यातल्या नव्हेत, पण इथं त्या सगळ्यांच्याच काकू. त्यांच्या किचनमध्ये माझी ताई पोळ्या करायची. यंदा ताई आजारानं गेली. तिचा ॲप्रन अजून खुंटीवर आहे. त्या खुंटीकडं न बघता डबे उचलायला मी शिकलोय.

ताईच्या खोलीत मिरेला राहायची. रुमानियाची, जमातीनं रोमा. आपल्याकडं पारधी दिसला की लोक पिशवी घट्ट धरतात ना, तिकडं ह्यांना बघून तसंच. हॉटेलातली नोकरी त्यावरूनच गेली. मी तिला एका लॉन्ड्रीत नेलं, तर तिच्याच देशाच्या एकीनं मालकाचे कान भरले. खलास! आता काम नाही मिळालं तर परत जावं लागणार. आणि ताईनं तर शब्द दिलेला, "तुला कामाला लावते."

मग आधी काकूंकडंच का नाही नेलं? ताईच्या जागी दुसरं कुणी मला बघवलं नसतं, म्हणून.

शेवटी नेलं. पण ठरवलं, रोमा हा शब्दच काढायचा नाही. मी सातवीत शाळा सोडली, पण थापा मारायला शाळा कशाला लागते? म्हटलं, ही इटलीत हॉटेलात होती. काकू म्हणाल्या, "बरं." मला वाटलं कमी पडलं. मग हॉटेल फाइव्हस्टार केलं. "बरं." मग तिथं एक मंत्री हिच्याच हातचं जेवायचा, असंही सांगितलं.

"बरं. उद्या येऊ दे."

पहिल्या दिवशी तिच्यापेक्षा मलाच घाम फुटलेला. मदत करावी म्हणून आत घुसलो. फरशीवर पाणी सांडलं होतं, ते फडक्यानं पुसलं आणि फडकं भांड्यांच्या टबात पिळलं.

मिरेला किंचाळली. अख्खा टब उचलून मोरीत ओतला, पातेली गडगडली, आणि माझी कॉलर धरून तिनं मला दाराबाहेर काढलं. वर चक्क मराठीत, "बाहेर हो, गाढवा!"

काकू धावत आल्या. नोकरी गेलीच असं समजून मी हात जोडले. "काकू, रागावू नका, ह्या रोमा लोकांत असलंच..."

झालं. मीच बोललो.

मिरेला पांढरी पडली. खाली बघत इथं शिकलेल्या हिंदीत म्हणाली, "फर्श का कपड़ा अलग, बर्तन का पानी अलग. मिलाया तो मेरी माँ बहुत मारती थी."

काकू स्टुलावर बसल्या. "मी इतकी वर्षं ह्या किचनमध्ये दुसरं काय ओरडतेय?" मग माझ्याकडं वळल्या. "अरे, तुझ्या ताईनं हॉस्पिटलातून फोन करून मला सगळं सांगितलं होतं. ती रोमा आहे, लोक हाकलतात, तुम्ही घ्या. मी तर वाट बघत होते, तू कधी आणतोस. म्हटलं, तुझी थाप मंत्र्याच्याही पुढं जाते का बघू."

मी पातेली गोळा करायला वाकलो.

"आणखी एक म्हणाली होती. माझ्या भावाला भांड्यांजवळ फिरकू देऊ नका."

खुंटीवरचा ॲप्रन काकूंनी मिरेलाला दिला. मी त्या दिवशी पहिल्यांदा तिकडं नीट बघितलं.

आता मी डबे दाराबाहेरूनच उचलतो. मिरेलाला मराठीतलं तेवढंच एक वाक्य येतं. खोलीवर ताई मला भांड्यांपासून हाकलायची ते ऐकून शिकलेली, अगदी त्याच सुरात.

म्हणून मी रोज एक पाय मुद्दाम आत टाकतो.