दहा घरांची वायर

दिवाळी झाली की वस्तीवरच्या सहा घरांच्या किल्ल्या आमच्या भिंतीवर येतात. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी एका फळीला सहा खिळे ठोकलेले आहेत. ऊसतोडीला जाणारी माणसं निघताना घराला कुलूप लावतात आणि किल्ली आईच्या हातात देतात. आई प्रत्येक किल्लीला दोरा बांधते. कुणाच्या दोऱ्याला एक गाठ, कुणाच्या दोन, अशा सहापर्यंत. मधुमेहाने तिची नजर गेली आहे, म्हणून गाठी हाताने मोजून ती सांगते कुठली किल्ली कुणाची.

तिच्या डोळ्यांसाठीच मी पुण्याहून परत आले. वडील गेल्यावर घरात आम्ही दोघीच. विमा कंपनीतलं माझं काम घरून होण्यासारखं होतं. वरिष्ठ बाईंनी वर्षभर घरून काम करून बघायची परवानगी दिली, एका अटीवर. घरात वायरचं इंटरनेट हवं, आणि दर सोमवारी त्याच्या वेगाचा फोटो पाठवायचा. आमच्याकडे मोबाईलवर बोलणं व्हायचं, पण इंटरनेट फक्त गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला टेकून मिळायचं, तेही वारा नसताना. वायर आली तर मी आईजवळ राहणार होते. नाही आली तर पुणे.

तालुक्याला एक केबलवाले आहेत. आधी टीव्हीची केबल द्यायचे, आता इंटरनेट देतात. ते मोटारसायकलवरून रस्ता बघायला आले.

"ताई, डांबरी रस्त्यापासून तुमच्या वस्तीपर्यंत दीड किलोमीटर. मधे एक घर नाही, नुसत्या बोरी-बाभळी. एका घरासाठी एवढी वायर ओढली तर आमची मंडळी मलाच खांबाला टांगतील." मग जरा विचार करून म्हणाले, "दहा घरं द्या. दहा घरांत दिवा लागत असेल तर माझं भागतं."

दिवा म्हणजे भिंतीवरच्या इंटरनेटच्या डब्याचा हिरवा दिवा. रिचार्ज चालू असला की तो हिरवा असतो.

वस्तीवर घरं बरोबर दहाच. त्यांतली सहा तोडीला जाणारी.

"घरं कायमची ना?" त्यांनी विचारलं. ते बाजारपेठेत वाढलेले, वस्त्यांवर त्यांचं येणं-जाणं नव्हतं.

"सगळ्यांची स्वतःची आहेत," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं. त्यांना काय विचारायचं होतं ते मात्र मला कळलं होतं.

मग घरोघर जायचं होतं. मी याच वस्तीवर वाढले, पण इंग्लिश शाळेची पिवळी बस मला सकाळी उचलून न्यायची आणि संध्याकाळी आणून सोडायची. कुणाच्या चुलीपुढे मी कधी बसले नाही. वाटेत वाक्यं मनात जुळवत होते, तीही आधी इंग्रजीत. शेजारच्या काकूंनी मला त्यांच्या अंगणात तीनदा पुढे जाऊन मागे वळताना पाहिलं असावं. त्या पदराला हात पुसत आल्या.

"चल. तू नुसती हुबी ऱ्हा. बोलायचं मी बघते."

प्रत्येक घरी त्या तेच सांगायच्या. "अक्काच्या पोरीची नोकरी हाय वायरीवर. वायर न्हाई आली तर ही जाती पुन्याला, मंग अक्काला कोन बघनार? आन् आपल्यालाबी पोरांची तोंडं दिसतील मोबाईलवर."

एका घरातले दाजी म्हणाले, "आमी तर निम्मं साल नसतोय."

"नसता तवा नसता. असता तवा तर असता ना? का तवाबी नसता?"

दाजी हसले आणि त्यांनी होकार दिला. परत येताना काकू मला म्हणाल्या, "तुज्या साळंत बोलाय शिकवत न्हाई का गं? येवढी फी घेत्यात."

पावसाळ्याच्या तोंडाला वायर आली. दहा घरांत दहा डबे बसले. माझी टाकी सुटली. सोमवारी फोटो पाठवायचे, वरिष्ठ बाई त्याखाली अंगठा टाकायच्या. संध्याकाळी काकू दारात बसून नाशिकला दिलेल्या मुलीशी बोलायच्या, आणि सगळ्या वस्तीला त्या मुलीच्या सासूची तब्येत समजायची. दसऱ्याला त्यांनी पाटावर कोयते मांडले, हळदकुंकू लावलं, आणि उठून डब्यालाही एक बोट कुंकू लावलं. वर झेंडूचं फूल खोचलं. मला म्हणाल्या, "हेबी हत्यारच की. तुजं."

दिवाळीनंतर मुकादमाचा ट्रक आला. भांडी, अंथरुणं, शेळ्या, पोरं वर चढली. सहा किल्ल्या आमच्या फळीवर आल्या. महिन्याभरात त्या सहा घरांचे रिचार्ज संपले. उसाच्या फडाजवळ पाचटाच्या कोपीत राहणाऱ्या माणसाने वस्तीवरच्या कुलूपबंद घराचं इंटरनेट का भरावं? मी हे कुणाला म्हटलं नाही. केबलवाल्यांचा फोन आला की आई घ्यायची आणि मी हाताने नाही म्हणायचे. तिला ते दिसायचं नाही. ती मला फोन द्यायची.

"ताई, सहा दिवे लाल दिसतायत इथे."

"गावाला गेलेत. येतील."

जानेवारीत शेवगावकडून आलेल्या उसाच्या उंच ट्रॉलीने डांबरी रस्त्यावर आमची वायर तोडून नेली. रविवार होता. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणारे वस्तीवरचे काका शिडी घेऊन गेले. त्यांनी दोन्ही टोकं दातांनी सोलली, पीळ दिला आणि वर काळी टेप गुंडाळली. ती वायर काचेची असते, पीळ देऊन जुळत नाही, हे मला माहीत होतं. पण ते शिडीवर होते आणि माझ्यासाठी चढले होते. मी खाली शिडी धरून उभी राहिले.

"बघ गं आता, आला का करंट?"

मी मोबाईल बघितल्यासारखं केलं. म्हटलं, "थोडा वेळ लागेल बहुतेक."

सोमवारी फोटो गेला नाही.

मंगळवारी केबलवाले स्वतः आले. टेप बघून त्यांनी आधी मनसोक्त हसून घेतलं. मग वस्तीवर आले आणि कुलपं मोजली. आमच्या ओट्यावर बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तुम्हाला माहीत होतं ना ताई?"

मी मान डोलावली.

"मी सहा घरांचं भरते," मी म्हणाले. वाक्य तयार करून ठेवलं होतं.

"किती वर्षं? तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच मांडा. मी आकडे सांगतो."

मी लॅपटॉप आणला. ते सांगत गेले. वायर, खांबाचं भाडं, मशीन घेऊन येणारा माणूस, हंगामात किती वेळा तुटेल. मी रकाने भरले. मला हे काम चांगलं येतं, माझी नोकरीच ती. सहा घरांचे सहा महिने माझ्या नावावर टाकून पाहिले. अर्धा पगार गेला, तरी शेवटचा रकाना लालच राहिला. मी तो मागून पुढे, पुढून मागे तपासला. चूक कुठेच नव्हती. माझ्यासमोर दुसऱ्या कुणाचा कागद असता तर मीही नाहीच म्हटलं असतं.

आई आतून म्हणाली, "काय निघालं?"

मी लॅपटॉप मिटला. चहा पिऊन ते म्हणाले, "वायर मी गुंडाळून नेतो. शिर्डीकडे एका लॉजच्या गल्लीत लागेल. डबेही माझेच आहेत, तेवढे काढून द्या."

चार घरांनी आपापले डबे काढून दिले. उरलेल्या सहा घरांसाठी आईने गाठी मोजत एकेक किल्ली माझ्या हातावर ठेवली. बंद घरांत मातीचा आणि उंदरांचा वास होता. काकूंच्या घरी डब्यावर धुळीपासून राखायला रुमाल टाकलेला होता. रुमालाखाली वाळलेला झेंडू आणि कुंकवाचं बोट. केबलवाल्यांनी स्क्रू काढले, फूल मला दिलं आणि कुंकू अंगठ्याने पुसून डबा पिशवीत टाकला. पुढच्या घरात नवा म्हणून लावायचा होता.

वरिष्ठ बाईंचं पत्र त्याच आठवड्यात आलं. अतिशय सभ्य इंग्रजी. पहिल्या तारखेपासून पुण्याच्या ऑफिसात हजर व्हावं. मी आईला ते मराठीत सांगितलं. संध्याकाळी काकूंचा कोपीवरून फोन आला. आईने तो माझ्या कानाला लावला.

"काय गं, फोटू जातोय का तुजा सोमवारचा?"

"जातोय," मी म्हणाले.

"मंग झालं. आमी येतो पाडव्यापस्तोर. घर बघ."

फोन ठेवल्यावर आई उठून फळीपाशी गेली. एकेका दोऱ्यावरून बोटं फिरवत तिने सहाही किल्ल्या मोजल्या.

"मी आले तुझ्याबरोबर पुण्याला," ती म्हणाली, "तर या कुणाकडे द्यायच्या?"

काकूंच्या डब्यावरचं फूल अजून माझ्या ओढणीच्या गाठीत होतं.