मामांचं गिऱ्हाईक

"थांबा ताई, अजून तुमची साडी आलीच नाही," असं म्हणत मामा साडीचा पदर स्वतःच्याच खांद्यावर टाकून गादीवर उभे राहायचे. पन्नाशीचा मिशीवाला माणूस आणि अंगावर गुलाबी पैठणी! गिऱ्हाईक हसायचं आणि उठायचं विसरायचं.

नाशिकच्या मेन रोडवरच्या त्या साडीच्या दुकानात मी त्यांच्या शेजारच्या गादीवर होते. आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणायचो. दुपारी गर्दी ओसरली की ते शालू उलगडून नव्या घडीवर घालत बसायचे. रेशीम एकाच घडीवर राहिलं की तिथेच विरतं.

"मामा, याचा जास्तीचा पगार मिळतो का?" मी चिडवायचे.

"पगार सगळ्यांनाच मिळतो गं. दारातून कुणीतरी 'मामा आहेत का' म्हणत आलं पाहिजे. त्यासाठी येतो मी."

आणि यायच्या की! मनमाडच्या, वणीच्या बायका चपला काढता काढताच मामांना हाक मारायच्या. माझा नुसता जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोलू?

मग धाकटे शेठ पुण्याहून शिकून आले आणि दुकानात 'सिस्टीम' आली. महिन्यात सगळ्यात जास्त विकेल त्याचा फोटो भिंतीवर. सगळ्यात कमी विकेल तो वरच्या गोडाऊनमध्ये, जिथे गिऱ्हाईक दिसतही नाही. घड्या बदलणं बंद. त्यात म्हणे वेळ वाया जातो. वर्षभराने एका महिन्यात मामा सगळ्यात मागे राहिले.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सटाण्याकडची मंडळी लग्नाचा बस्ता बांधायला आली. एवढा बस्ता मिळाला की मामा वाचले! धाकटे शेठ काउंटरवरून टक लावून बघत होते. नवरीला डाळिंबी शालू पसंत पडला. मामांनी घडीवरून बोट फिरवलं आणि ते थांबले. रेशीम तिथे विरलं होतं. माझा जीव टांगणीला लागला. मी डोळ्यांनी खुणावलं, द्या बांधून, मरू दे!

मामांनी शालू सरळ उजेडात धरला. "हा नको, माउली. मांडवातच फाटेल. तुमची साडी अजून आलीच नाही. आठवड्यात नवा माल येतोय, तेव्हा या."

मंडळी उठून गेली. दुसऱ्या दिवसापासून मामा गोडाऊनमध्ये.

आठवड्याने नवरीची आई परत दारात. "त्या मामा कोठे शेतस?" तिने तिच्या अहिराणीत मामा कुठे आहेत ते विचारलं.

धाकटे शेठ माझ्याकडे बघत होते. मामा जिना चढून बारा पायऱ्यांवर होते. पण मामा गेल्यावर आता सगळ्यात मागे मीच होते.

"रजेवर आहेत," मी म्हणाले. "या ना, मी दाखवते."

अख्खा बस्ता मी बांधला. संध्याकाळी रिकामे खोके ठेवायला वर गेले, तर मामा खिडकीशी बसून शालूंच्या घड्या बदलत होते. मान वर न करताच त्यांनी विचारलं, "मला विचारत कुणी आलं होतं का गं?"

"नाही मामा."

"येतील," ते म्हणाले आणि पुढचा शालू उलगडला.

आठ दिवस त्यांनी रोज विचारलं. आठही दिवस मी नाहीच म्हणाले, आता कुठल्या तोंडाने हो म्हणणार होते? नवव्या दिवशी मामा आले नाहीत. गोडाऊनची किल्ली खिळ्याला होती आणि सगळे शालू नव्या घडीवर होते.

महिनाअखेरीला भिंतीवर माझा फोटो लागला. त्याच दिवशी मनमाडची एक बाई त्या फोटोखाली चपला काढत म्हणाली, "मामा आहेत का हो?"