हेर्लेकर मास्तरांचा व्यासंग

राजारामपुरीतल्या एका प्राथमिक शाळेत त्र्यंबक हेर्लेकर मास्तर होते. मुलांना ते गणित शिकवत. पण त्यांचा खरा व्यासंग शाळा सुटल्यावर सुरू होई. तो म्हणजे झालेली चूक उगाळत बसणं.

१९६१ च्या स्नेहसंमेलनात आभार मानायचं काम त्यांच्याकडे आलं. प्रमुख पाहुण्यांच्या वडिलांना ‘कैलासवासी’ म्हणायचं होतं. मास्तरांनी तो मान समोर हार घालून बसलेल्या पाहुण्यांनाच देऊन टाकला. सभागृह हसलं. पाहुणेही हसले आणि चहाबरोबर दोन भजी जास्त खाऊन गेले.

मास्तर तेव्हा तेहेतीस वर्षांचे होते. अख्खं कोल्हापूर दिवसभर आपल्याबद्दलच बोलतंय, अशी त्या वयात माणसाची प्रामाणिक समजूत असते. मास्तर रस्ता बदलून शाळेत जाऊ लागले. बायको विमला हिला त्यांनी तो प्रसंग इतक्यांदा सांगितला, की आभाराचं भाषण तिला पाठ झालं.

सकाळी दूध घालायला येणारे गणपतराव एकदा वैतागून म्हणाले, “मास्तर, त्ये पावणं कवाच इसारलं असतील की! तुमीच कशाला ध्यानात ठेवताय?”

“तुम्हाला नाही कळायचं,” मास्तर म्हणाले. एवढ्या मेहनतीने जपलेलं दुःख असं दूधवाल्याच्या सांगण्यावरून थोडंच सोडायचं असतं!

१९७५ साली ते पाहुणे चौऱ्याऐंशीव्या वर्षी शांतपणे गेले. मास्तरांनी याचीही जबाबदारी घेतली. “माझ्याच तोंडून गेलं होतं,” ते विमलेला म्हणाले.

“चौदा वर्षं लागली होय तुमच्या वाणीला?” तिने विचारलं.

पण तोवर मास्तरांना मागचं उगाळायला पूर्वीसारखी सवड राहिली नव्हती. चाळिशी उलटल्यापासून त्यांनी भविष्यकाळ हाती घेतला होता. मुलगी नंदिनी हिला कॉलेजातून सायकलवर यायला दहा मिनिटं उशीर झाला, की मास्तर मनातल्या मनात नातेवाइकांना पाठवायच्या तारेचा मजकूर तयार करत. ती घरी आली की तिच्यावरच ओरडत. तार वाया गेल्याचा राग असावा.

१९८८ मध्ये, निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, खोकला हटेना म्हणून छातीचा फोटो काढला. त्यात डाग दिसला. पुढच्या तपासण्यांचा निकाल आठ दिवसांनी मिळणार होता. विमलेचं जेवण सुटलं. नंदिनी सासरहून धावत आली. मास्तर अंगणात वांग्यांना पाणी घालत होते.

“बाबा, तुम्हाला काळजी नाही वाटत?”

“करायला बसतो की गं,” मास्तर ओशाळून म्हणाले, “पण मध्येच झोप लागते.”

जन्मभराची साधना अशी ऐन मोक्याच्या वेळी दगा देऊन गेली. डाग जुन्या आजाराचा, निरुपद्रवी निघाला. विमला रडली. मास्तरांनी आणखी थोडा शिरा मागितला.

त्या दुपारी नंदिनीने कपाटातून आपल्या लग्नाचा अल्बम काढला. प्रत्येक फोटोत मास्तर होते, आणि प्रत्येकात आभाळाकडे किंवा मांडवाच्या खांबांकडे बघत होते. ते बराच वेळ एकेक पान उलटत राहिले.

“नंदू,” त्यांनी हळूच विचारलं, “त्या दिवशी जेवायला काय काय होतं गं?”

ती त्यांच्याजवळ सरकून बसली आणि पहिल्या पंगतीपासून सांगू लागली.