गेला तर गेला

“गेला तर गेला गं बाई, तवा माझा तापला!” असं गात मावशी चपाती उलटवायच्या. सणसवाडीच्या आमच्या कंपनीत त्या कँटीनला होत्या आणि मी पॅकिंगला. गाणं त्यांनी स्वतःच जुळवलेलं, नवरा दुसरी बाई करून निघून गेला त्या वर्षी. अशी एखादी मावशी तुमच्याही कामावर असेल. तिच्या हातचं खाता खाता आपण तिच्या संसाराची चौकशी करतो.

नवीन पोरी विचारायच्या, “मावशी, ह्याचा अर्थ काय?”

“अर्थ कसला? तो गेला म्हून तुमी जेवायचं सोडलं का?”

महिला दिनाला साहेबांनी त्यांना स्टेजवर गायला लावलं. “स्त्रीशक्ती म्हणतात ती हीच!” असं म्हणून शाल दिली. बायकांनी हात लाल होईस्तोवर टाळ्या वाजवल्या, दोघीतिघी तर रडल्यासुद्धा.

खाली उतरल्यावर मावशी माझ्या कानात म्हणाल्या, “नवरा माझा पळाला, आन् ह्यांना आनंद केवढा!” शाल मात्र ठेवून घेतली. थंडीत बरी पडते म्हणाल्या.

दिवाळीनंतर वडगाव रासाईहून त्यांचा दीर नवऱ्याला घेऊन थेट गेटवर आला. नवऱ्याचं अर्धं अंग लुळं पडलेलं आणि त्या दुसऱ्या बाईनं हाकलून दिलेलं.

“वहिनी, आता तुमीच बघा. तुमी खंबीर हाय.”

मावशींनी पदराला हात पुसले. “भाऊ तुमचा हाय. तुमीच बघा.”

आत येऊन त्या पीठ मळायला बसल्या. पाणी जास्त पडलं. त्या दिवशी चपात्या चिवट झाल्या.

मग टाळ्या वाजवलेल्या बायकाच फिरल्या. “नवरा तो नवराच.” “बाई हाय का दगड?” तिच्या हातचं नको म्हणून घरचे डबे यायला लागले, आणि महिन्याभरात कॉन्ट्रॅक्टरनं मावशींना घरी बसवलं. मला अजून संताप येतो. गाण्यातली बाई सगळ्यांना हवी होती, पण गाण्याप्रमाणे वागलेली एकीलाही सोसली नाही.

परवा दौंडला गेले तेव्हा रेल्वे कॉलनीजवळच्या एका मेसमध्ये त्या दिसल्या. चेहरा उतरलेला, पण मला बघून हसल्या. चहा दिला. मेस अगदी शांत होती.

“मावशी, गात नाही का आता?”

त्यांनी आधी मागं वळून पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, “न्हाई गं. मला नवरा हाय, हे हितं कुणाला ठावं न्हाई. गायले तर विचारत्याल, कुणावर जोडलंय म्हून.”