काऊचा घास

मी वारलो त्या दिवशी आमच्या घरी चार घरांचं पिठलं होतं.

त्याआधी माझी तब्येत उत्तम होती. फक्त दमलो होतो. लेक स्वाती डेन्मार्कला बालवाडीत शिकवते. तिथून ती तीन वर्षांच्या ईराला घेऊन रहिमतपूरला आलेली, सोबत जेवणाचे नियम. ताटात काय वाढायचं ते आपण ठरवायचं, किती खायचं ते ईरानं. आग्रह नाही, मोबाईल नाही, घास घेऊन मागं पळणं नाही, आणि पोरांशी खोटं बोलायचं नाही. त्या एका दिवशी मला हे जमलं, तर ईरा सुट्टीभर इथंच राहणार होती. मला ती हवी होती, म्हणून मी सगळ्याला हो म्हणालो. स्वाती काही कामानं साताऱ्याला गेली, बायको हौसा गिरणीवर दळण आणायला.

ईरानं दोन घास खाल्ले, "झालं" म्हणाली आणि ताट स्वतः उचलून मोरीत ठेवलं. (तिकडं तसं शिकवतात. मला हे अजून कुणी शिकवलेलं नाही.) दोन घास! एवढं तर माझ्या मिशीत अडकतं. माझा जीव कळवळला. नियम गेले खड्ड्यात म्हणत मी दूधभात कालवला आणि घास पुढं केला, "हा घास काऊचा."

"काऊचा?"

"व्हय."

तिनं तो हातात घेतला आणि अंगणाच्या भिंतीवर काऊसाठी ठेवून आली. दुसऱ्याचं खायचं नाही, हेही तिकडं शिकवतात! मग चिऊचा घास भिंतीवर गेला, माऊचा गेला, मामाचाही गेला. हा ईराचा म्हटलं, तर तिला भूक नव्हती. शेवटी "हा आजोबांचा" म्हणालो आणि तिथंच चटईवर आडवा झालो. माझा डोळा लागला. ईरानं माझाही घास भिंतीवर नेऊन ठेवला.

भिंतीवर कावळ्यांची ही गर्दी. रस्त्यानं चाललेले शेजारचे शामराव थबकले. घास कुणाचा, त्यांनी ईराला विचारलं.

"आजोबांचा."

"आन् आजोबा कुठं हायती?"

"झोपलेत. उठतच नाहीत."

लहान पोर खोटं कशाला बोलेल? शामरावांनी टोपी काढली.

गिरणीवर बातमी पोचली तेव्हा हौसा म्हणे एवढंच म्हणाली, "आत्ता तर बरं हुतं की." मला जाग आली ती बायकांच्या रडण्यानं. गल्लीत कोण गेलं ते विचारायला उठून बसलो, तर दोघी किंचाळून मागं सरल्या. दुखवट्याच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून शेजारणींनी पिठलं-भाकरी आणलेली. ती आता माघारी कशी न्यायची? हौसानं पंगत मांडली. शामराव सगळ्यांत जास्त जेवले, आणि तेही माझ्याकडं रागानं बघत.

स्वाती साताऱ्याहून रडत आली. आधी माझ्या गळ्यात पडली, मग तिचं पंगतीकडं लक्ष गेलं. शामरावांना खेटून बसलेली ईरा पिठलं-भाकरी खात होती. अख्खी चतकोर! कुणी तिच्याकडं बघतसुद्धा नव्हतं.

"बघा अण्णा, माणसांत बसली की जेवते. राहू दे तिला सुट्टीभर."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण रोज एवढी माणसं पंगतीला आणायची कुठनं, असं मी विचारलं.

हौसा भाकरी वाढत म्हणाली, "त्यात काय, तुमी रोज मरत जावा की."

नातीपायी मी त्यावरही घटकाभर विचार केला.