गाडी निघून राहिली

मी फळ्यावर खडूनं ‘रद्द’ लिहिलं, तेव्हा नवरदेव माझ्या खिडकीसमोरच उभा होता.

तो नवरदेव आहे हे मला माहीत होतं. सकाळी नऊपासून त्याच्या मामानं ते मला चारदा सांगितलं होतं. नवरदेवाचं नाव इरफान, रेडिएटरचं काम करणारा, अमरावतीचा. नवरी परतवाड्याची. परतवाड्यात त्या आठवड्यात दोन गटांत दगडफेक होऊन संचारबंदी लागलेली. सकाळी दहा ते दुपारी दोन तेवढी सूट. त्यामुळे पन्नास माणसांची वरात पाच माणसांवर आली होती. नवरदेव, मामा, दोन चुलते आणि मिठाईचा डबा सांभाळणारा एक मित्र.

“साहेब, आजच झालं पायजे,” ते मामा, हबीबमामू, म्हणाले होते. “परवा मोहरम लागते. मंग दोन-अडीच महिने आमच्यात कोनी निकाह लावत नाई. अन् पोट्टीच्या बापानं आधीच दोनदा तारीख बदलली. आता तिसऱ्यांदा बदलली तं तो सोयरीकच बदलते.”

मी पुण्याहून बदली होऊन आलेला चौकशी कारकून. अमरावतीच्या बसस्टँडवर माझा चौथा दिवस. चौकशी खिडकीचं काम जगात सगळ्यात सोपं, अशी माझी समजूत. गाडी कधी येणार, ते पलीकडच्या कंट्रोलरला फोन करून विचारायचं. कंट्रोलर म्हणजे स्टँडवर गाड्यांच्या येण्याजाण्याची नोंद ठेवणारा माणूस. तो जे सांगेल ते फळ्यावर लिहायचं. यात अक्कल लागत नाही, म्हणूनच मला दिलं असावं.

ती वर्षं वऱ्हाडाची वाईट होती. कापसाला भाव नव्हता, आणि पेपरात रोज इथल्या गावांची नावं. दिल्ली-मुंबईहून पाहणी पथकं यायची, टीव्हीवाले यायचे. पहिल्याच दिवशी एकानं मला खिडकीतून विचारलं होतं, “संध्याकाळच्या ट्रेनपर्यंत परत येता येईल असं एखादं संकटग्रस्त गाव सांगा ना.” मी त्याला शांतपणे वेळापत्रक दिलं. प्रवासी काय विचारतो ते विचारात घ्यायचं नाही, फक्त उत्तर द्यायचं, हा माझा बाणा होता. हाच बाणा पुढे अंगाशी आला.

तर परतवाड्याच्या बाकी सगळ्या फेऱ्या बंद होत्या. एकच गाडी पोलिसांच्या परवानगीनं चालणार होती. दहाला सूट मिळाली की परतवाड्याहून निघायचं, साडेअकराला अमरावती, माणसं घेऊन लगेच परत. दोनच्या आत गाडी तिथल्या डेपोत पाहिजे.

दहा वाजून पाच मिनिटांनी मी परतवाड्याला फोन लावला. तिथं इंगळे म्हणून कंट्रोलर. लाइनीवर कुणीतरी भजी तळत असावं इतकी खरखर.

“हॅलो, गाडीचं काय झालं?”

“गाडी नि... राहिली!”

“काय? राहिली?”

“हो ना जी, राहिली!”

“राहिली म्हणजे राहिलीच ना? नक्की?”

“अहो राहिली, राहिली! कितीदा सांगू? समोर पाहून राहिलो ना मी!”

फोन कट.

आता सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाला ‘राहिली’ म्हटल्यावर काय कळणार? गाडी राहिली. म्हणजे राहून गेली. निघालीच नाही. मी दोनदा खात्री करून घेतली, याचा मला अभिमानही वाटला. उठलो, आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: परतवाडा, रद्द.

हबीबमामूंनी फळा वाचला. माझ्याकडे पाहिलं.

“साहेब, आमी तं सकाळपासून बसून राहिलो.”

हे वाक्य माझ्या तोंडासमोर उच्चारलं गेलं. ‘बसून राहिलो.’ देव आणखी किती खुणा करणार? पण मी म्हणालो, “मामू, बसून राहून उपयोग नाही. गाडीच राहिली.”

पाचही जण पाच मिनिटं कुजबुजले आणि गेले. नवरदेवानं जाताना मला सलाम केला. तो सलाम मला अजून टोचतो.

साडेअकराला मी चहा पीत होतो. स्टँडात एक लाल गाडी शिरली. पाटी ‘परतवाडा–अमरावती’. मी चहाचा कप खाली ठेवला.

ड्रायव्हर थेट खिडकीवर. “काहो, माणसं कुठी हायेत? पावणेबाराले गाडी सोडा लागते मले.”

“ही गाडी... राहिली होती ना?”

“कोन राहिली?”

तेवढ्यात स्थानकप्रमुख देशमुखसाहेब आतून आले. त्यांनी फळा पाहिला, मग गाडी पाहिली, मग मला.

“हे ‘रद्द’ कोनं लिहिलं?”

“मीच, साहेब. इंगळे म्हणाले, गाडी राहिली.”

“काय म्हनाले? पुरं सांगा.”

“नि... काहीतरी राहिली.”

देशमुखसाहेबांनी कपाळावर हात मारला. “निघून राहिली! अहो निघून राहिली म्हंजे निघत आहे! तुमच्या पुन्यात काय म्हन्तात?”

“निघते आहे.”

“मंग आमी तेच सांगून राहिलो ना!”

मला त्या क्षणी चार दिवसांतली सगळी वाक्यं आठवली. चहावाला ‘आणून राहिलो’ म्हणाला, आणि मी दुसरीकडे जाऊन चहा घेतला. घरमालक ‘नळ येऊन राहिला’ म्हणाला, आणि मी बिनआंघोळीचा ऑफिसला आलो. सगळं जग माझ्यासाठी काही ना काही करत होतं आणि मी ते रद्द करत सुटलो होतो.

“साहेब, नवरदेव!” मी ओरडलो. “दोनच्या आत निकाह आहे त्याचा!”

“मंग काहून उभे हा? जा ना! लुना घ्या माही.” मग ड्रायव्हरला म्हणाले, “बारापर्यंत थांबजो. त्याच्यावर एक मिनिट नाई.”

लुना घेऊन मी निघालो. स्टँडाबाहेरचा पानवाला म्हणाला, ते पाच जण फळबाजाराकडे गेले, परतवाड्याकडे जाणारं वाहन शोधायला. बाजारात संत्र्याच्या पेट्यांमधून लुना काढताना मी दोन पेट्या पाडल्या आणि तीन नव्या शिव्या शिकलो. टोकाला एक टेम्पो उभा होता. मागे रिकाम्या लाकडी पेट्यांवर, शेरवानीच्या टोकांना रुमाल गुंडाळून, इरफान बसला होता. मामू टेम्पोवाल्याला विनवत होते, आणि तो म्हणत होता, “नाक्यावर पोलीस मले उतरवतीन, मामू. पास नाई माह्यापाशी.”

“मामू!” मी धापा टाकत म्हणालो. “गाडी आली!”

हबीबमामू हळूच वळले. “आली? राहिली होती ना, साहेब?”

“चुकलं. ती निघून राहिली होती.”

मामूंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता कानाखाली बसते. पण ते इरफानला म्हणाले, “उतर बेटा. साहेब मराठी शिकून राहिले.”

नवरदेवाला मी लुनावर मागे घेतलं. बाकीचे रिक्षात. चौकात लोकांनी आम्हाला वाट दिली, शेरवानीवाला नवरदेव लुनावर पाहून एक म्हातारा म्हणाला, “घोडं लयच बारीक भेटलं बे.” बाराला दोन मिनिटं कमी असताना पाचही जण गाडीत होते. ड्रायव्हरनं घंटीची वाट पाहिली नाही.

मी फळ्यावरचं ‘रद्द’ बाहीनं पुसलं आणि घड्याळासमोर बसलो. दीडला गाडी पोचणार. हातात अर्धा तास. पावणेदोनला मी परतवाड्याला फोन लावला. तीच खरखर.

“इंगळे, गाडी पोचली का? वरातीचं काय?”

“पोचली ना. घर स्टँडाच्या मांगंच हाय. मले बी बोलावलं होतं पाह्याले. निका... राहिला!”

या वेळी मी खुर्चीत सावरून बसलो आणि शब्द सुटे करून विचारलं, “इंगळे, निकाह व्हायचा राहिला, का होऊन राहिला?”

“आता होऊन राहिला नाई जी,” इंगळे म्हणाले.

मी डोळे मिटले.

“झाला! ‘निकाह कायचा राहिला’ म्हनलं मी. तीनदा कबूल म्हनून झाला. आता मी खजूर खाऊन राहिलो, अन् तुमी मले खाऊ देऊन नाई राहिले.”

दुसऱ्या दिवशी त्याच गाडीच्या ड्रायव्हरनं खिडकीत एक पुडी ठेवली. मिठाई होती. वर पेन्सिलनं लिहिलं होतं, ‘पुण्याच्या साहेबांसाठी. खाऊन राहा.’

पुढची सहा वर्षं मी त्या खिडकीवर काढली. त्या काळात शिकलेला नियम नव्या पोरांनाही सांगायचो. गाडीचं काय झालं, असं कंट्रोलरला कधी विचारू नये. ड्रायव्हर कुठं आहे ते विचारावं. स्टिअरिंगवर असेल तर गाडी येते आणि चहावर असेल तर येत नाही. यात व्याकरण लागत नाही.

पुण्याला परत बदली झाली, तेव्हा मी स्टेशनावरून पुण्यातल्या बायकोला फोन करून म्हणालो, “निघून राहिलो.” तिनं माझा स्वयंपाकच केला नाही.